हिशेब, लेक्का आणि कॅल्क्युलेट

एआयला कोड दाखवायचा म्हणजे लोकांना वाटतं फाइल उघडायची, सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी मारायचं, तिकडं चॅटमध्ये नेऊन ओतायचं, झालं. ज्यांचा कोड दोन पानांत मावतो त्यांचं होतही असेल ओ. मी बघतो ते सॉफ्टवेअर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या बिलिंगचं आहे, पीएचपी भाषेतलं, व्हॅटच्या काळात जन्मलेलं, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा रातोरात ठिगळं मारलेलं, आणि त्याच्या मुख्य फाइलीचं नाव आहे 'बिल_नवीन_फायनल_२'. 'बिल_नवीन_फायनल' पण आहे. दोन्ही चालू आहेत. का, ते विचारायचं नाही.

बरं, लिहिणारे पण एकेक नग. पहिले काका, ते आता रिटायर होऊन खानापूरकडं काजूची बाग बघतात, त्यांनी फंक्शनांना, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांना, मराठी नावं दिली, अक्षरं इंग्रजी पण नाव 'हिशेब', 'बाकी', 'घे_रे'. त्यांच्यामागनं गोकाकचा एक पोरगा आला, हुशार, त्यानं काकांचं काही न पुसता शेजारीच स्वतःचं 'लेक्का' लिहिलं, कन्नडमधला हिशेबच. तिसरा कॉलेजमधनं ताजा आलेला, त्यानं 'कॅल्क्युलेट' लिहिलं आणि पुण्याला गेला. म्हणजे टॅक्स काढणारी फंक्शनं तीन, तीन भाषांत, वरवर एकमेकांना ओळखत नसल्यासारखी वागतात पण आतनं सगळे व्यवहार चालू. बेळगावात याचं कुणाला नवल वाटत नाही म्हणा.

तर झालं काय, निपाणीच्या एका गिऱ्हाइकाला जॉबवर्कचं, म्हणजे त्याच्या मालावर काम करून दिल्याचं, बिल गेलं आणि त्यावर लागला आयजीएसटी. ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, राज्यातल्या राज्यात व्यवहार असला की १८ टक्क्यांचे ९-९ असे दोन तुकडे पडतात, एक केंद्राचा एक राज्याचा, आणि राज्याबाहेरचा असला की सगळे १८ एकदम आयजीएसटी. निपाणी कर्नाटकात आहे. तिथल्या बऱ्याच जणांचं यावर वेगळं मत आहे, पण त्यांचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि कॉम्प्युटरला तेवढंच बघायचं असतं. मालकांचा फोन आला, "काय ओ, निपाणी महाराष्ट्राला देऊन टाकली काय तुम्ही? मला कुणी सांगितलं नाही की." २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेलं काम आमच्या सॉफ्टवेअरनं एका बिलात उरकलं होतं.

म्हणून एआय. पहिल्यांदा आख्खी फाइल ओतली, तर बसेचना. त्याला एका वेळी डोक्यात किती मजकूर धरता येतो याला मर्यादा असते, टोकनमध्ये म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत मोजतात, आणि काकांनी जागोजागी देवनागरीत कॉमेंट, म्हणजे कॉम्प्युटर सोडून देतो असल्या माणसांसाठीच्या टिपा, लिहून ठेवलेत, देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन जास्त जातात, त्यामुळं काकांनी कुठल्यातरी जुन्या ऑपरेटरला घातलेली एकेक शिवी पण महागात पडायला लागली. मग तुकडे करून दिलं. तुकडे दिले की ते समोर दिसतंय त्यावरनं न दिसलेलं ओळखायला जातं, आणि इतक्या आत्मविश्वासानं ओळखतं की वाटावं आपणच इथं नवीन आहोत. म्हणालं, तुमच्या गेट-स्टेट-कोड या फंक्शनमध्ये दोष आहे. असलं फंक्शन आमच्याकडं नाहीच. असायला पाहिजे होतं हे कबूल, पण नाही. तसं सांगितलं तर अगदी लवून माफी मागितली आणि दुसरं एक नसलेलं फंक्शन काढलं.

नुसत्या शब्दाच्या शोधावर सोडलं तरी तेच. फाइलींत शब्द शोधणारं ग्रेप चांगलं हत्यार आहे, केन थॉम्पसनचं, १९७० च्या दशकातलं, अजून रोज लागतं. पण 'हिशेब' शोधलं की कॉमेंटमधला हिशेब, बटनावरचा हिशेब, 'हिशेब चुकला, घरी जावा' म्हणून काकांनी स्क्रीनवर छापलेला एरर, सगळं एका ओळीत उभं राहतं. खानापूर तालुक्यात उतरून पाटील कुठं राहतात म्हणून विचारण्यातला प्रकार. पाटील पाहिजे तेवढे मिळतील, पण कुठला पाटील कुणाचा कोण, कुणाचं कुणाकडं येणंजाणं, कुणी कुणाचं नाव टाकलंय, ते आडनाव जुळवून कळत नाही.

आता ही सोयरीक एआयच्या हातात द्यायची सोय निघालीय. म्हणजे कोड नुसती अक्षरं म्हणून न बघता आधी पार्सरमधनं, म्हणजे कोडची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधनं, काढायचा, त्याचं झाड तयार होतं, हे फंक्शन, त्याच्या पोटात ही अट, अटीच्या पोटात हा कॉल. ट्री-सिटर म्हणून फुकटचा पार्सर आहे, मुळात गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी झालेला, त्याचा गुण असा की कोड मध्येच कुठं मोडका असला तरी रुसून बसत नाही, बाकीच्याचं झाड करून देतो. आमच्यासारख्यांना हा गुण फार मोठा. त्या झाडांवरनं एक यादी बनते, कुठलं नाव कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर आणि कोण कुणाला कॉल करतंय. एडिटरमध्ये आपण फंक्शनवर क्लिक करून त्याच्या मूळ जागी जातो त्याच्या मागं असलीच यादी असते, मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये त्यासाठी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला. ते माणसांसाठी. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकनं एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, त्यात एआयलाच असली हत्यारं जोडून देता येतात, नाव शोध, मूळ जागा दाखव, कोण वापरतंय सांग, अमक्या ओळीपासनं तमक्या ओळीपर्यंत वाच. म्हणजे आपण ओतायचं नाही, त्यानं पाहिजे तेवढं मागून घ्यायचं.

बसवताना काय काय झालं ते सांगत नाही, पीएचपीची व्हर्जन जुनी, मध्येच लाईट गेली, नेहमीचंच.

जोडून झाल्यावर मी तोच प्रश्न टाकला, निपाणीला आयजीएसटी का लागला. मला वाटलं 'निपाणी' शोधेल. ते उलट्या टोकाकडनं निघालं! पहिला प्रश्न त्यानं हत्याराला विचारला, बिलाच्या टेबलात टॅक्सची रक्कम कोण कोण लिहितं. उत्तर आलं तीन नावांचं, हिशेब, लेक्का, कॅल्क्युलेट. भाषेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, तिघांचे हात एकाच टेबलात पोचतात एवढं त्याला दिसलं. मग प्रत्येकाला कोण बोलावतं ते विचारलं. साधं बिल कॅल्क्युलेटकडं जातं, ते पुढं लेक्काकडं ढकलतं, लेक्का जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघतं, २९ असले की आपलं राज्य, बरोबर. पण जॉबवर्क असलं की बिल सुटतं ते थेट काकांच्या हिशेबाकडं. तेव्हा कुठं त्यानं हिशेबातल्या मोजक्या ओळी वाचायला मागितल्या, बाकी फाइलीला हात नाही लावला.

त्या ओळींत गावांची यादी. गोकाक, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, खानापूर. यादीत गाव असलं तर राज्यातलं, नसलं तर बाहेरचं, संपला विषय. बेळगाव दोनदा होतं, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं तेव्हा कुणीतरी नवीन नाव घातलं आणि जुनं काढायचं धाडस केलं नाही, ते बरंच केलं. निपाणी एका पी ची होती. ऑफिसात नवीन आलेल्या पोरीनं गिऱ्हाइकाचं गाव टाकताना दोन पी घातले, तसं पण लिहितातच की. आणि यादीत सगळ्यात खाली, शिनोळी.

शिनोळी चंदगड तालुक्यात. महाराष्ट्र. जीएसटी २७.

काकांना फोन लावला. काका म्हणाले, "अरे शिनोळी म्हणजे आपलंच की रे, सायकलवरनं जायचो आम्ही."

म्हणजे शिनोळीच्या जॉबवर्कवर इतकी वर्षं ९-९ लागायलेत? मी घाबरून अकौंटंट सरांकडं गेलो. ते शांत. "हौद्री सर, होय, लागतात की. मी दरवेळी रिटर्न भरायच्या आधी बिल रद्द करून हातानं दुसरं काढतो." मग सांगितलं का नाही ओ कुणाला? "होगली बिडरी, जाऊ दे ओ, कुणी विचारलंच नाही की." एआयनं विचारलं असतं बघा, पण अकौंटंट सर यादीत नव्हते.

दुरुस्तीच्या वेळची तऱ्हा वेगळीच. त्या यादीच्या वर काकांचा कॉमेंट आहे, 'याला हात लावू नये, लावल्यास परिणामांना स्वतः जबाबदार'. एआयला म्हटलं यादी काढ आणि लेक्कासारखं नंबरवरनं ठरव, तर ते म्हणतंय, मूळ लेखकाची स्पष्ट सूचना असल्यामुळं या भागाला हात न लावता शेजारी एक नवीन फंक्शन लिहू का? चौथं! या कोडमध्ये आलेला प्रत्येक जण शेवटी त्याच वळणावर जातो. कॉमेंट ही माहिती आहे, हुकूम नव्हे, हे त्याला बजावून सांगावं लागलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही, काकांचा स्वभावच तसा, पण उद्या कुणी मुद्दाम खोडसाळ हुकूम कॉमेंटात लिहून ठेवला तर याच वाटेनं एआयला फसवता येतं. म्हणून मी त्याला नुसती वाचायची परवानगी ठेवलीय. बदल काय करायचा ते त्यानं सुचवायचं, करायचा आपण.

मालकांची काळजी दुसरी. "आपल्या कारखान्यातलं सगळं त्याला उघडं करून दाखवायलाय काय ओ?" प्रश्न रास्त आहे. यादी आपल्याच मशीनवर राहते, पण एआय बाहेरच्या सर्व्हरवरचं असलं तर ते ज्या ओळी मागतं त्या ओळी तिकडं जातात, हे खरंच आहे आणि ते लपवून सांगण्यात काही अर्थ नाही. म्हणून पासवर्डची फाइल आणि गिऱ्हाइकांचा डेटा त्याच्या वाटेतनं बाजूला काढून ठेवला. पासवर्ड दाखवला नाही एवढ्यावर मालक खूश झाले. तो पासवर्ड त्यांच्या केबिनच्या भिंतीवर कॅलेंडरमागं लिहिलेला आहे, पण असो.

मग मला जरा चेव आला आणि मी त्याला विचारलं, कुणीच वापरत नाही असली फंक्शनं कुठली? भली मोठी यादी दिली. पहिलंच 'घे_रे', कॉल करणारे शून्य. मी काढायला बसलोच होतो तेवढ्यात मागनं अकौंटंट सर, "ते काढू नका ओ, ३१ मार्चला लागतंय मला." कसं लागतंय? तर काकांनी मेनूची नावं डेटाबेसमध्ये ठेवलीत, बटन दाबलं की तिथनं नाव उचलून त्या नावाचं फंक्शन चालवतात. कोडमध्ये कुठं 'घे_रे' असं लिहिलेलंच नाही, मग झाडात तरी कुठनं दिसणार. कोड न चालवता नुसता वाचून जे कळतं त्याची वेस इथं संपते, शून्य म्हणजे वापरात नाही असं नव्हे, नुसतं दिसलं नाही एवढंच. त्यामुळं यादीतलं एकेक नाव घेऊन मी आता अकौंटंट सरांच्या टेबलाशी उभा असतो, हे लागतंय काय, हे लागतंय काय, आणि ते चहा पीत मान हलवतात. तेवढं काम मात्र कुठल्या प्रोटोकॉलमध्ये बसलं नाही.

परवा मालक येऊन मागं उभे राहिले. स्क्रीनवर तो नकाशा होता, कोण कुणाला कॉल करतंय, कुणाकडं कुणीच येत नाही. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे माणसांचं पण काढून देतंय काय ओ? कोण कुणाला काम लावतंय आणि कोण नुसतं बसलंय?"

मी तोंड उघडायच्या आत अकौंटंट सर बोलले, "नाही ओ मालक. त्याला कन्नड येत नाही."