आज नीरज नाही ना?

जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेला कुणाबरोबर गेलं की दर वेळी हेच. जुने मित्र भेटतात, गळाभेट होते, आणि लगेच भालाफेकपटू नीरज चोप्राबद्दल प्रश्न : "आज नीरज नाही ना? मग उशिरा गेलं तरी चालेल."

चालेल कसं? बुडापेस्टला २०२३ मध्ये नीरजच्या सुवर्णाच्या आदल्या दिवशी अनस, अमोज, अजमल आणि राजेश यांनी चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यतीच्या प्राथमिक फेरीत २:५९.०५ असा आशियाई विक्रम केला. अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे! आमची मंडळी तेव्हा जेवत होती.

२०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेतही तेच. नाशिकच्या देवरगावचा सर्वेश कुशारे, उंच उडीत जागतिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय, २.२८ मीटर पार करून सहावा आला. बार थरथरतोय का हे मी श्वास रोखून बघतोय, आणि शेजारचा मैदानाकडे पाठ करून सेल्फी काढतोय. वर विचारतो, "पदक नाही ना मिळालं?"

अरे, गप्पा हॉटेलवर रात्रभर मारू की! पोरगं धाव घ्यायला उभं राहिलं की दोन मिनिटं तोंड बंद ठेवून समोर बघा ना.