लेव्हल की एज, एकदाचे ठरवा
पॉवर मॅनेजमेंट चिप (वीज, चार्जिंग, पॉवर बटण सांभाळणारी) इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी, लाइन लो करते आणि सर्व कारणे क्लिअर होईपर्यंत ती तशीच धरून ठेवते, हे डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेले असूनही नव्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) ‘लो लेव्हल’ (लाइन लो असेपर्यंत इंटरप्ट) ऐवजी ‘फॉलिंग एज’ (फक्त लाइन खाली येण्याच्या क्षणी इंटरप्ट) हीच नोंद पुन्हा पुन्हा का सापडते, हे मला खरोखर कळत नाही. पॉवर बटणाची घटना हाताळली जात असतानाच चार्जरची घटना आली, तर लाइन वर जातच नाही, नवा एज मिळत नाही, आणि मग बटण कितीही दाबले तरी लिनक्स कर्नल ढिम्म! (काही जीपीआयओ कंट्रोलरना, म्हणजे सर्वसाधारण पिना हाताळणाऱ्या सर्किटांना, लेव्हल इंटरप्ट जमतच नाहीत, तेवढ्यांना माफ.)

रेगमॅपची (चिपचे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या कर्नलमधील तयार सोयीची) इंटरप्ट व्यवस्था थ्रेडमधून आय-टू-सी वाचन (चिपशी दोन तारांवरून संवाद), ‘वनशॉट’ फ्लॅग (काम संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा) आणि मास्किंग (नको ती कारणे झाकणे) हे सारे आयते करून देते. तरीही कारणांचे केवळ ओळखीचे बिट पाहून बाकीच्यांना हात न लावणारे हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारे फंक्शन) हौसेने लिहिले जातात, आणि १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस (कोणत्याच हँडलरने न स्वीकारलेले) ठरले की कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असे नोंदवून ती लाइनच बंद करतो. तक्रार मात्र ड्रायव्हर सांभाळणाऱ्याकडेच येते.