डॉक्टरचा मोबाईल नंबर केवढ्याला पडतो?

इकडे न्यू जर्सीत आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांमध्ये सध्या एक पत्र येऊन पडतंय. डॉक्टर वेगळे, पण मजकूर जवळपास तोच. तुम्हाला जास्त वेळ देता यावा म्हणून मी माझी प्रॅक्टिस बदलतोय, अमुक तारखेपासून मेंबरशिप चालू, जागा मर्यादित आहेत, लवकर कळवा. मराठीत सांगायचं तर वर्षाला दोन-अडीच हजार डॉलर भरा नाहीतर दुसरा डॉक्टर शोधा. आमच्या सासूबाईंनाही आलं, त्यांच्या पंधरा-एक वर्षांच्या डॉक्टरांकडून, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता मेडिकेअर बंद का?"

हाच घोळ सगळ्यांचा होतो म्हणून लिहितेय. (मेडिकेअर म्हणजे इथला मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा.) याला कॉन्सिएर्ज मेडिसिन म्हणतात आणि यात इन्शुरन्स बंद होत नाही, चालूच ठेवावा लागतो. मेंबरशिप फक्त त्या एका प्रायमरी केअर डॉक्टरची, म्हणजे कुठल्याही तक्रारीला आधी ज्याच्याकडे जातो त्या नेहमीच्या डॉक्टरची. एमआरआय, कार्डिऑलॉजिस्ट, ॲम्ब्युलन्स, ॲडमिशन, ऑपरेशन, औषधं, हे सगळं पूर्वीसारखंच इन्शुरन्समधून, तेच डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम), तेच कोपे (दरवेळी आपण द्यायचा ठरलेला वाटा). सोसायटीचा मेंटेनन्स भरला म्हणून लाइटबिल कुणी माफ करत नाही, तसंच हे. आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टर मेंबरशिपही घेतो वर प्रत्येक व्हिजिटचं बिल इन्शुरन्सलाही लावतो, हे बऱ्याच जणांना सही केल्यावर कळतं.

मग मिळतं काय? वेळ मिळतो. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट, अर्धा-पाऊण तास समोर बसून बोलणं, डॉक्टरचा स्वतःचा मोबाईल नंबर, आणि वर्षातून एकदा भलीमोठी तपासणी. हे जमतं कारण पेशंट कमी असतात. साध्या प्रायमरी केअरवाल्याच्या यादीत दोन हजारांच्या आसपास माणसं असतात, एमडीव्हीआयपी नावाची मोठी कंपनी आहे फ्लोरिडाची, 2000 साली सुरू झालेली, ती एका डॉक्टरमागे साधारण 600 ची मर्यादा ठेवते. आणि ज्यांनी ही प्रथा सुरू केली ते एमडी स्क्वेअर्डवाले, 1996, सिॲटल, संस्थापक डॉक्टर म्हणजे तिथल्या बास्केटबॉल टीमचे माजी डॉक्टर, त्यांची कल्पना तर अशी की एका डॉक्टरकडे फक्त 50 कुटुंबं. खेळाडूंना जसा हाकेसरशी डॉक्टर मिळतो तसा पैसेवाल्यांना का नको, असा एकूण हिशोब.

डॉक्टरांना लोभी म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. 2022 मध्ये अमेरिकन संशोधकांनी एक गणित मांडलं होतं, 2500 पेशंट असलेल्या प्रायमरी केअर डॉक्टरने गाइडलाइनमध्ये सांगितलेलं सगळं खरोखर करायचं म्हटलं तर त्याला दिवसाला 26.7 तास लागतील. दिवस 24 चाच! त्यात इन्शुरन्सची प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधी घ्यायची परवानगी), पोर्टलवरचे मेसेज, रात्री जेवल्यावर लॅपटॉप उघडून नोट्स लिहिणं. अशा माणसाला कुणी म्हणालं की 600 पेशंट बघ आणि संध्याकाळी घरी जा, तर तो कशाला नाही म्हणेल.

आणि ही सेवा काही जणांना खरंच उपयोगी पडते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या शेजारचे एक काका, हार्ट फेल्युअर, डायबिटीस, किडनी थोडी कमजोर, हॉस्पिटलमधून घरी आले ते औषधांची दोन पानी यादी घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेंबरशिपवाल्या डॉक्टरने स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला आणि काकूंना म्हणाला, यादी राहू दे, घरातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा आणि एकेक कॅमेऱ्यापुढे धरा. एका बाटलीवर लॅसिक्स, दुसरीवर फ्युरोसेमाइड. एकच औषध, एक जुनी पोस्टाने आलेली बाटली आणि एक नवी हॉस्पिटलच्या फार्मसीतली, काका दोन्ही इमानेइतबारे घेत होते. लघवी होऊन होऊन माणूस आडवा झाला असता. हे पकडायला काही मोठं मशिन लागलं नाही, वीस मिनिटं निवांत बसलेला डॉक्टर लागला. म्हणून चार स्पेशालिस्ट, दहा औषधं, मुलं दुसऱ्या राज्यात अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनी परवडत असेल तर खुशाल घ्यावी.

पण ऑफिसातला चाळिशीचा धडधाकट पोरगा हौसेने मेंबरशिप घेतो आणि मग पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून ही टेस्ट कर ती टेस्ट कर करत बसतो, तिथे मला हसू येतं. मेडिकेअरच्या पेशंटांवर एक अभ्यास झालाय, 2023 मध्ये छापून आला, त्यात कॉन्सिएर्जमध्ये गेलेल्यांचा एकूण वैद्यकीय खर्च 30 ते 50 टक्के वाढलेला दिसला आणि मृत्यूच्या प्रमाणात सरासरीने काही फरक दिसला नाही. म्हणजे डॉक्टर जवळ आला की टेस्टही जवळ येतात, आयुष्य वाढतंच असं नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. दोन हजारांच्या यादीतून सहाशे राहिले, उरलेले चौदाशे कुठे गेले? ते काही हवेत विरत नाहीत. ते गावातल्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये जातात, तिथली यादी आणखी फुगते, तिथे नवीन पेशंटला दीड-दोन महिन्यांनंतरची तारीख मिळते, आणि मग तिथला डॉक्टरही कंटाळून एक दिवस असंच पत्र पाठवतो. मेंबरला जो वेळ मिळतो तो नवीन तयार झालेला नसतो, तो त्या चौदाशे जणांच्या वाट्याचा असतो. पत्रात हे लिहिलेलं नसतं. पत्रात हसरा फोटो आणि "तुमच्या आरोग्याच्या प्रवासात" वगैरे.

आणि कृपा करून याला "आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरसारखं" म्हणू नका, आपल्या ग्रुपमध्ये दोघा-तिघांनी तसं कौतुकाने लिहिलं. आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरकडे संध्याकाळी बाकावर जागा नसायची, लोक पायरीवर बसायचे, आणि ज्याच्याकडे पैसे नसतील त्याला "पुढच्या वेळी दे" म्हणायचे. तिथे दार सगळ्यांना उघडं होतं, इथे दार छोटं केलं म्हणूनच आत निवांतपणा आहे.

मेडिकेअरवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. मेंबरशिपचे पैसे मेडिकेअर देत नाही, एक डॉलर नाही. पण मेडिकेअर घेणारा डॉक्टर जी गोष्ट मेडिकेअरमध्ये आधीच कव्हर आहे तिच्यासाठी तुमच्याकडून वरून पैसे घेऊ शकत नाही. 2004 च्या सुमारास मिनेसोटातल्या एका डॉक्टरने पेशंटांकडून 600 डॉलरचं असलंच काँट्रॅक्ट केलं होतं, सरकारने पकडलं आणि 53,400 डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. म्हणून फी नक्की कशाची ते काँट्रॅक्टमध्ये वाचा. काही डॉक्टर मेडिकेअरमधून पूर्णच बाहेर पडलेले असतात, मग त्यांच्या बिलाचा क्लेम तुम्हालाही करता येत नाही, हे तर आधीच विचारून घ्या. तेवढ्यातच हेही विचारा की डॉक्टर सुट्टीवर गेला तर फोन कोण उचलणार, ॲडमिट झाल्यावर हा हॉस्पिटलमध्ये येतो की नुसता फोन करतो, मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि दरवर्षी कार्डावरून आपोआप कापले जातात का. (शेवटच्याचं उत्तर बहुधा हो.)

याचाच एक स्वस्त भाऊ आहे, डायरेक्ट प्रायमरी केअर, डीपीसी. महिन्याला साधारण 50 ते 100 डॉलर, डॉक्टर इन्शुरन्सच्या वाटेलाच जात नाही, त्यामुळे बिलिंगचा स्टाफ नाही, फी ठरलेली. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. जानेवारी 2026 पासून एचएसएमधून (आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) डीपीसीची फी भरता येते, एकट्याला महिना 150 आणि कुटुंबाला 300 डॉलरपर्यंतची फी असेल तर. पण व्हिजिटमागे इन्शुरन्सला बिल लावणारा कॉन्सिएर्जवाला यात बसत नाही, सेल्सवाली बाई फोनवर काहीही म्हणो. ॲमेझॉनने 3.9 अब्ज डॉलरला घेतलेली वन मेडिकल ही क्लिनिकांची साखळीही बसत नाही, तिथे मेंबरशिप स्वस्त आहे, प्राइमवाल्यांना वर्षाला 99, पण व्हिजिटचं बिल वेगळं.

डीपीसीचा उपयोग आपल्या लोकांना कुठे आहे तर सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना. व्हिजिटर इन्शुरन्स जुना बीपी-शुगर बहुतेक वेळा धरत नाही, आणि अर्जंट केअरमध्ये दरवेळी नवा माणूस, नवी कहाणी. ग्रीन कार्डवर आलेल्या पालकांनाही मेडिकेअर विकत घ्यायला पाच वर्षं थांबावं लागतं. अशा वेळी महिन्याचे ऐंशी डॉलर भरून एकच डॉक्टर ओळखीचा करून ठेवला तर शुगर वाढली की कुणाला विचारायचं हा प्रश्न तरी सुटतो. छाती दुखली तर मात्र इमर्जन्सीच, त्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स हवाच, ते वाचवायला जाऊ नका.

सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, मला एक बीपीची गोळी, मी त्यांना अडीच हजार कशाचे देऊ. नवीन क्लिनिकची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीये, डॉक्टर नाही, नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषध लिहून देऊ शकणारी जास्त शिकलेली नर्स) बघणार आहे. माझे आई-बाबा मेमध्ये येतायत, त्यांच्यासाठी एडिसन-प्रिन्स्टनच्या पट्ट्यात डीपीसी शोधतेय. कुणी घेतलं असेल तर महिन्याची फी, सुरुवातीची नोंदणी फी आणि रक्ततपासणीचे दर, तिन्ही सांगा, नुसतं "खूप छान आहेत" नको.