'लावा, वाळवा, परदेशी पाठवा' : औषधी वनस्पतींच्या एका फॉरवर्डची चिरफाड

गेली काही वर्षं एक निरोप शब्द बदलत फिरतो आहे. मजकूर साधारण असा : "औषधी वनस्पती लावा. कसलीही पडीक जमीन चालते, पाणी-फवारणी लागत नाही. काढा, उन्हात वाळवा, पोत्यात भरा. माल नैसर्गिक असल्यामुळे तपासणीची कटकट नाही. अर्क काढलात तर दहापट पैसे. परदेशात मागणी अमर्याद आहे, थेट निर्यात करा. आमची कंपनी सगळा माल परत घेते." आणि शेवटी रोपांसाठी फोन नंबर.

यातली बहुतेक वाक्यं निखालस खोटी नाहीत, हीच अडचण आहे. त्यांत एखाद्या वनस्पतीपुरतं किंवा एखाद्या टप्प्यापुरतं खरं आहे आणि ते सगळ्यांना लावलं आहे. एकेक घेऊ.

'कसलीही पडीक जमीन चालते, पाणी-फवारणी लागत नाही'

जगण्यापुरतं हे काही वनस्पतींबाबत बरोबर आहे. अश्वगंधा कमी पाण्यावर तगते. पण खरेदीदाराला तगलेलं झाड नको असतं, त्याला सरळ, जाड, पिठूळ आणि कमी फाट्यांचं मूळ हवं असतं. ते निचऱ्याच्या हलक्या ते मध्यम जमिनीत येतं. भारी चिकण जमिनीत मुळाला फाटे फुटतात, उपटताना बरंचसं तुटून आत राहतं, आणि पाणी साचलं की मूळकूज धरते. पानांवर ठिपक्यांचा रोग आणि एपिलॅक्ना भुंगेरेही येतात. फेकून पेरायचं तर हेक्टरी १० ते १२ किलो बी लागतं, पीक १५० ते १८० दिवसांनी निघतं आणि वाळलेली मुळं साधारण ३०० ते ५०० किलो मिळतात. फॉरवर्डमध्ये याच पिकाचं उत्पन्न टनांत सांगितलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारा : हे वजन ओलं की वाळलेलं?

इसबगोलाला तर ऐन पिकताना आलेली पावसाची एक सर पुरते. ज्या भुशीसाठी ते पिकवायचं तिचा गुणच पाणी शोषून फुगण्याचा. ओंब्या भिजल्या की दाणे गळतात आणि भुशीची प्रत जाते. केवडा रोग आणि मावा कीड वेगळेच.

कोरफड खरोखर जवळपास कुठेही येते. मात्र पाण्याविना पानं बारीक राहतात, आणि कापलेलं पान काही तासांत बिघडू लागतं, म्हणजे प्रक्रिया केंद्र लांब असेल तर पीक असून नसल्यासारखं. गरात सुमारे ९९ टक्के पाणी असतं. १ टन पानांतून ४००-५०० किलो गर निघाला असं धरलं, तर व्यापारात चालणारी २००:१ ची (२०० किलो गराची १ किलो) भुकटी जेमतेम २ ते २.५ किलो होते. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक गरात उतरला की ॲलोइन हे जुलाब लावणारं द्रव्य वाढतं. पोटात घ्यायच्या रसासाठी कोरफड उद्योगाचं प्रमाणक दशलक्षात १० भागांपेक्षा जास्त ॲलोइन चालवून घेत नाही. म्हणून पान कापल्यावर उभं ठेवून चीक निथळू देणं हे काम 'पडीक जमिनी'पेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

'उन्हात वाळवा, पोत्यात भरा'

बहुतेक माल शेतात बिघडत नाही, तो इथे बिघडतो. म्हणून या वाक्यावर जरा जास्त थांबायला हवं.

आधी हिशोब. ताज्या पाल्यात ८० टक्के पाणी धरा. १,००० किलो पाल्यात घन भाग २०० किलो. तो १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की हाती २२२ किलो येतात, म्हणजे ७७८ किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण जवळपास ५२० युनिट विजेइतकी, तीही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम असेल तर. प्रत्यक्षातल्या ड्रायरची कार्यक्षमता ३० ते ५० टक्के धरली की आकडा १,००० ते १,७०० युनिटांवर जातो. सौर ड्रायर, सावलीतल्या मांडण्या, पंखे यांचा विचार लागवडीच्या आधी करायचा तो यासाठी. पाला कापून झाल्यावर ड्रायरची चौकशी करणाऱ्याचा ढीग तोवर आतून गरम झालेला असतो.

ढिगाचं असं होतं : कापलेला पाला श्वसन करत राहतो, दाबून ठेवला की तापतो, काळा पडतो आणि त्यातली विकरं (एन्झाइम) औषधी कार्यद्रव्य मोडू लागतात. त्यामुळे कापणीनंतर दोन-तीन तासांत तो २-३ सेंटिमीटरच्या थरात, जाळीवर, जमिनीपासून उंच पसरायचा. तुळशीसारख्या सुगंधी पाल्याला ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये, तेल उडतं. सोनामुखीचा पाला सावलीत वाळवायचा, कारण हिरवा रंग गेला की प्रत खाली येते. मुळांना ऊन चालतं. पण शतावरी सोलायची ती ओली असतानाच, थोडी उकडून किंवा वाफवून. वाळल्यावर साल मुळाला चिकटून बसते आणि मग कुणालाच काढता येत नाही. शतावरीचं ओलं मूळ वाळून साधारण दहाव्या हिश्शावर येतं, हेही रोपं विकताना सांगितलं जात नाही.

घाई केली की उलटा दोष येतो. सुरुवातीलाच तापमान फार ठेवलं तर मुळाचा बाहेरचा थर कडक होतो आणि आतली ओल कोंडते. हाताला माल खडखडीत लागतो, पोतं शिवलं जातं, आणि तीन आठवड्यांनी आतली ओल बाहेर येऊन बुरशी धरते. मूळ मोडून 'टक' आवाज येतो का, पानाची मधली शीर तुटते का, या खुणा शेतावर ठीक आहेत, पण खेप बंद करण्याआधी मोजमाप हवंच. त्यातही एक खाच आहे. १०५ अंशांवर वाळवून वजनातली घट मोजण्याची नेहमीची पद्धत सुगंधी वनस्पतीत उडून गेलेलं तेलही पाणी म्हणूनच मोजते. तिथे टोल्युइन या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी मोजावं लागतं. जल-क्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप, ०.६० च्या खाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. ओलाव्याच्या टक्क्यापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा.

लाकडाच्या धुरावर माल वाळवणं सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात महाग पडणारं. धुरातले बेंझोपायरिनसारखे कर्करोगकारक पदार्थ पाल्यावर बसतात. युरोपीय संघात वाळलेल्या पाल्यासाठी बेंझोपायरिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. धूर धुऊन निघत नाही. उष्णता हवी असेल तर भट्टीची हवा मालाला न लागता पाइपातून फिरायला हवी.

'नैसर्गिक आहे, तपासणीची कटकट नाही'

उलट आहे. कारखान्यातल्या रसायनाची ओळख पटवणं सोपं. वाळलेल्या पाल्याची कठीण, म्हणून तपासण्या वाढत जातात.

पहिली तपासणी नावाची. 'शंखपुष्पी' या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. 'ब्राह्मी' म्हणजे कुणासाठी बकोपा, कुणासाठी सेंटेला. करारात लॅटिन नाव, वनस्पतीचा भाग आणि काढणीची अवस्था लिहिलेली नसेल तर वाद झाल्यावर दोघेही खरे ठरतात. याची किंमत पैशांपुरती राहत नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेलं आणि शंभरहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकांची निकामी झाली. दोन्ही चिनी औषधी मुळं, नावं मिळतीजुळती.

मग मर्यादांची यादी. युरोपीय औषधसंहितेत वनौषधींसाठी दशलक्षात शिसं ५, कॅडमियम १ आणि पारा ०.१ भाग, अफ्लाटॉक्सिन बी-१ (बुरशीचं विष) किलोमागे २ मायक्रोग्रॅम आणि चारही अफ्लाटॉक्सिन मिळून ४. बकोपा पाणथळ जागेत वाढते आणि पाण्यातले धातू शोषून घेते, त्यामुळे सांडपाण्यावर डोलदार आलेलं पीक प्रयोगशाळेत पडतं. किडे मारायला इथिलिन ऑक्साइडची धुरी दिलेला माल युरोपात चालत नाही, आणि त्याचा अवशेष २-क्लोरोइथॅनॉल म्हणून नंतरही सापडतो.

सगळ्यात कमी बोललं जाणारं दुखणं तणाचं. पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची यकृताला घातक द्रव्यं भुरुंडी, खुळखुळा यांसारख्या तणांत असतात. युरोपीय संघाने २०२२ पासून वनस्पतींच्या चहासाठी त्यांची मर्यादा ठेवली : बहुतेकांना किलोमागे २००, कॅमोमाइल, पुदिना अशा काहींना ४०० मायक्रोग्रॅम. तणात हे द्रव्य ०.२ टक्के धरलं, तर १ टन पाल्यात अवघं १०० ग्रॅम वाळलेलं तण मिसळलं की २०० ची मर्यादा गाठली. यंत्राने कापलेल्या पाल्यातून ते १०० ग्रॅम कुणी वेचू शकत नाही. निंदणी कापणीच्या आधी व्हायला हवी, आणि पीक फेरपालटात ताग घेतला असेल तर विशेष लक्ष हवं. तागही खुळखुळ्याच्याच कुळातला, हिरवळीच्या खतातून उगवलेली त्याची चार रोपंही त्रास देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवड आणि संकलनाच्या चांगल्या पद्धतींची मार्गदर्शिका २००३ मध्ये काढली. तिचा गाभा नोंदी आहे : बी कुठलं, शेत कोणतं, आधीचं पीक काय, फवारणी कधी, कापणी कुणी आणि कोणत्या दिवशी केली. या नोंदी नंतर बसून लिहिल्या की ओळखू येतात. सगळ्या तारखा एकाच शाईत असतात.

'अर्क काढा, दहापट पैसे'

दहापट काय, कधी जास्तही मिळतील. पण किती मूळ लागेल? अश्वगंधेच्या मुळात विथॅनोलाइड (तिची मुख्य कार्यद्रव्यं) ०.३ टक्के असले तर १ किलो मुळात ३ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या १ किलो अर्कात ५० ग्रॅम हवेत. सगळं निघालं तर जवळपास १७ किलो मूळ, आणि प्रत्यक्षात ७० टक्के निघालं तर २४ किलो. शिवाय ५ टक्के कोणत्या पद्धतीने मोजले? वजनी पद्धतीने भरणारा आकडा एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बराच खाली येऊ शकतो, आणि खरेदीदार एचपीएलसीचाच अहवाल मागतो. आकडा भरून काढायला काही जण मुळात पाला मिसळतात. पाल्यात विथाफेरिन-ए हे विथॅनोलाइड जास्त असतं, म्हणून त्याचं प्रमाण बिघडलं की भेसळ लगेच दिसते.

अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा अवशेषही मोजला जातो : औषधांसाठी हेक्सेनची मर्यादा दशलक्षात २९०, मिथेनॉलची ३,०००. द्रावक परत मिळवण्याची सोय आणि स्फोटरोधक विजेची जोडणी नसेल तर अर्काच्या वाटेला जाऊच नये. स्वच्छ निवडून, ठरल्या आकारात कापून, चाळून आणि तपासून बंद केलेलं मूळ हेही प्रक्रिया केलेलंच उत्पादन आहे, आणि नव्या माणसाला तेच झेपतं.

'मागणी अमर्याद, थेट निर्यात करा'

मोठमोठे आकडे बाटल्यांचे आणि प्रसाधनांचे असतात, वाळलेल्या मुळांचे नव्हे. एकेका वनस्पतीची बाजारपेठ लहान असते आणि बहुवर्षायू पिकात उशीर अंगभूत असतो : भाव चढला त्या वर्षी सगळे लावतात, दोन-तीन वर्षांनी सगळ्यांचा माल एकाच वेळी निघतो. नियमानेही दार बंद होतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. त्या बाजारासाठी उभं असलेलं पीक मात्र शेतातच होतं.

सर्पगंधा, कुटकी, जटामांसी या वनस्पती धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कुष्ठ (कुठ) ही वनस्पती पहिल्या. लागवडीचा माल असला तरी तो लागवडीचाच आहे हे कागदावर सिद्ध करून परवाना घ्यावा लागतो. तोच माल आयातदार देशात कधी औषध, कधी अन्नपूरक, कधी चहा ठरतो आणि त्याप्रमाणे मर्यादा बदलतात. वाळलेली वनस्पती १२११, अर्क १३०२, सुगंधी तेल ३३०१ या सीमाशुल्काच्या शीर्षकांखाली जातं. आणि मोकळा पाला हलका असतो : घनमीटरला १०० किलो धरला तर २० फुटी कंटेनर अडीच टनांच्या आसपासच भरून जातो. गाठी दाबल्याशिवाय भाडं परवडत नाही, आणि वाटेत कंटेनरच्या छताला पाणी सुटून ते मालावर ठिबकतं, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्या लागतात.

'आमची कंपनी सगळा माल परत घेते'

करार मागा आणि त्यात हे शोधा : भाव कोणत्या ओलाव्यावर, प्रत कोण ठरवणार, वजन कुठे, प्रयोगशाळा कोणती, नाकारलेला माल कोणाच्या खर्चाने परत. ओलाव्याचा मुद्दा किरकोळ वाटतो. १२ टक्के ओलाव्याचा १,००० किलो माल १० टक्क्यांच्या हिशोबात ९७८ किलो भरतो. इतकी घट न्याय्य आहे, याहून जास्त कापली तर कारण विचारायचं. नमुना सगळ्या पोत्यांतून नियमाने काढायचा, मिसळायचा आणि तीन पाकिटांत सीलबंद करायचा : एक विकणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, एक वाद झाल्यास तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी, प्रत्येकावर दोघांच्या सह्या. ते तिसरं पाकीट ठेवायला कंपनी तयार नसेल, तर 'सगळा माल' म्हणजे किती हे पीक निघाल्यावर तीच ठरवणार आहे.