यंत्राला पाय फुटले

संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या माझ्या सीएनसी यंत्राचं नाव ३०१८. म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा पाट. उंचीला नावात जागाच नाही, आणि प्रत्यक्षातही नाही. झेड अक्षाचा, म्हणजे वर-खाली होण्याचा, प्रवास जेमतेम ४५ मिलिमीटर. पाटावर व्हाइस (शिकंजा) ठेवला, त्यात लाकूड धरलं, स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या मोटरीत, कोरायचं बिट लावलं, की बिट लाकडात आधीच घुसलेलं. कोरण्याआधीच कोरीवकाम सुरू!

यावर जाणत्यांचा उपाय ठरलेला: गॅन्ट्रीच्या, म्हणजे स्पिंडल पेलणाऱ्या कमानीच्या, दोन्ही बाजूंखाली ॲल्युमिनियमचे ठोकळे घाल. बस्स, ठोकळे!

ठोकळे आले, तर जुने बोल्ट आखूड. लांब बोल्ट आले, तर ते धरणारे टी-नट खाचेत आडवे होऊन बसले. सगळं कसून उभं केलं, तर स्पिंडलची वायर ताणून उभी. ती लांबवली. मग काटकोन तपासायला गुण्या लावला आणि खरं दुखणं कळलं. एक ठोकळा केसभर बुटका होता. केसभर म्हणजे किती, हे डायल इंडिकेटर (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापक) असलेल्या माणसाने स्वतःला विचारू नये, झोप जाते. स्पिंडल गुण्यात नसेल तर सपाट करायला घेतलेली फळी नांगरलेल्या वावरासारखी निघते, सरीवर सरी. पातळ पत्र्याचे तुकडे बुटक्या ठोकळ्याखाली सरकवत राहिलो. एक बोल्ट आवळला की काटा हलायचा, दुसरा आवळला की उलटा हलायचा.

शिवाय उंच पाय जास्त डुलतात. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. गणित पाठ होतं, पण बिट लाकडात शिरून किंचाळलं तेव्हा ते पटलं. कापाची खोली निम्म्यावर आणली, तेव्हा किंचाळणं कण्हण्यावर आलं.

एवढं झाल्यावर घरातून मागणी आली: दारावरची पाटी. सहा मिलिमीटरची फळी! बिट खाली आलं, आलं, आणि फळीच्या बरंच वर अधांतरी थांबलं. ठोकळ्यांनी प्रवास वाढत नाही, तो सगळाच्या सगळा वर सरकतो. म्हणून आता पाटावर एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळ्यांचे, जाड थर रचलेत, बरोबर ठोकळ्यांच्या उंचीइतके.

थर काढता येतात, हा मुद्दा मी घरात ठासून मांडतो. अजून काढायची वेळ आलेली नाही.