आज तू मोकळा

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. मरीन ड्राईव्हच्या कठड्यावर बसलेली माझी मुलगी, तिच्या हातात रुस्तमचं वेफरमधलं आइस्क्रीम, आणि तिच्या मागे कानाला फोन लावून पाठमोरा उभा असलेला मी. २० जून २०२२, रात्रीचे ९ वाजून ५२ मिनिटं. फोन बदलला तरी हा फोटो मी दर वेळी नव्या फोनमध्ये घेतो. शिवसेनेत एकनाथ शिंदेंचं बंड सुरू झालं ती ही संध्याकाळ. तिच्याबद्दल कधीतरी नीट लिहायचं होतं, आज लिहितोय.

मी तेव्हा एका आमदारांचा पीए होतो. कागदावर स्वीय सहायक. साहेबांचं नाव लिहिणार नाही, तालुका सांगणार नाही. कमेंटमध्ये कुणी अंदाज बांधू नये, ही हात जोडून विनंती. ते ज्या बाजूला गेले ती बरोबर की चूक, हा या पोस्टचा विषयही नाही.

पीएचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. लोकांना वाटतं हा साहेबांची बॅग धरतो आणि रुबाब करतो. बॅग धरतोच, खोटं कशाला बोलू? पण मतदारसंघातला माणूस सकाळी सहाला फोन करतो तो साहेबांना नाही, पीएला. ट्रान्सफॉर्मर जळाला, बदली अडली, आईला परळच्या हॉस्पिटलात बेड मिळत नाही, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, सगळं आमच्याकडे. लेटरहेड, शिक्का, तारांकित प्रश्नाचा मसुदा, साहेबांचा ईमेल, साहेबांच्या शुगरच्या गोळ्या, हेही आमच्याकडेच. त्याच वर्षी मार्चमध्ये सभागृहात आमच्याबद्दलही एक घोषणा झाली होती. आमदार निधी ५ कोटी झाला, पीएचा पगार २५ हजारांवरून ३० आणि ड्रायव्हरचा १५ वरून २० हजार. आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये आम्ही पाच-सहा जणांनी त्या दिवशी एकमेकांना चहा पाजला होता. त्यात तीन पक्षांचे पीए होते. आमच्यात पक्षावरून भांडण कधी झालं नाही.

जूनचे ते दिवस फार वाईट गेले. १० तारखेला राज्यसभेचं मतदान, पहाटे निकाल, त्यात शिवसेनेचे संजय पवार पडले. मग विधान परिषद. जागा १०, उमेदवार ११, मतदान गुप्त. आमदारांना हॉटेलात ठेवलं होतं आणि आम्ही लॉबीत खुर्च्यांवर. दोन आठवडे घरी गेलो नव्हतो. १७ तारखेला दहावीचा निकाल लागला तोसुद्धा मी लिफ्टजवळ उभा राहून फोनवर बघितला. मुलीला ९१ टक्के. ती रडत होती, मला "पप्पा" एवढंच ऐकू येत होतं. मी तिला शब्द दिला, समुद्र दाखवतो. बायकोचा भाऊ घाटकोपरला राहतो, त्याच्याकडे दोघी रविवारी येऊन थांबल्या.

सोमवारी, २० तारखेला, मतदान करून साहेब बाहेर आले. आजारी असलेले दोन आमदार, मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप, पुण्याहून अॅम्ब्युलन्सने मतदानाला आले होते. सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरगी आलीय ना? आज तू मोकळा. त्यांना मुंबई दाखव. फोन करू नकोस, काही लागलं तर मीच लावतो." खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "पोरीला माझ्याकडून काहीतरी घे."

सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी वाकून नमस्कार केला.

गेटवे, मग बस, मग चर्चगेट. बायकोने इस्त्रीची नवी साडी नेसली होती. मुलगी प्रत्येक उंच इमारत दाखवून विचारत होती, यात काय असतं? मला बहुतेक सांगता येत होतं. मंत्रालय, विधान भवन, आमदार निवास. माझा बाप कारखान्यावर काट्यावर कामाला होता. मुलीसमोर त्या इमारतींची नावं घेताना मला फार भरून आलं होतं. साहेबांच्या हजार रुपयांतून तिने एक भारीतलं पेन घेतलं आणि उरलेल्याचं आइस्क्रीम.

साडेनऊच्या सुमाराला पहिला फोन. ओळखीचे पत्रकार. "साहेब कुठेत?" मी म्हटलं, हॉटेलवर असतील. "असतील म्हणजे? तू कुठेयस?" मी समुद्रावर आहे म्हटल्यावर पलीकडे क्षणभर काही आवाजच नाही. मग दुसरा, तिसरा. दहा वाजेपर्यंत मोजायचं सोडून दिलं. साहेबांचा फोन बंद, ड्रायव्हरचा बंद, गनमॅनचा लागत नाही. इतर पीएंना लावला. दोघांना माझ्याइतकंच माहीत होतं, म्हणजे काहीच नाही. तिसरा रडवेला झाला होता. त्यालाही दुपारी सांगितलं होतं, आज तू घरी जा.

तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

परिषदेचा निकाल रात्री उशिरा आला. भाजपचे पाचही निवडून आले, सेनेचे दोन्ही आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. एरवी त्या निकालावर रात्रभर फोन चालले असते. त्या रात्री निकालाबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती जण गेले आणि तुमचे त्यात आहेत का?

साडेदहाला गावाकडून वहिनींचा फोन आला. साहेबांच्या मंडळी. "भाऊ, यांचा फोन लागत नाही. गोळी घेतली का विचारायचं होतं." गोळ्यांचा डबा माझ्या बॅगेत होता. कठड्यावर, बायकोच्या पर्सशेजारी ठेवलेल्या त्या बॅगेत. मी वहिनींना काय सांगितलं? सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. सहा वर्षांत मी साहेबांसाठी बऱ्याच जणांना "मीटिंगमध्ये आहेत" असं सांगितलं असेल. ते कामाचा भाग म्हणून चालून जातं. पण वहिनींनी मला दर दिवाळीला ओवाळलंय. त्यांच्याशी खोटं बोललो, आणि तेही कशासाठी बोलतोय हे मलाच माहीत नसताना.

सव्वाअकराला एक फोन आला तो वेगळा होता. आमच्याच तालुक्यातला एक म्हातारा, नातवाला परळला ॲडमिट केलेलं. सकाळी आठच्या आत आमदारांचं पत्र हवं होतं. त्याला सुरतही माहीत नव्हतं आणि बंडही. त्या रात्रीच्या सगळ्या फोनमध्ये मतदारसंघाच्या कामाचा हा एकच. बायको आणि मुलगी टॅक्सीने घाटकोपरला गेल्या आणि मी आमदार निवासात येऊन पत्र टाइप केलं. साहेबांनी आधीच सही करून ठेवलेली काही लेटरहेड कपाटात असायची, त्यातलं शेवटून दुसरं वापरलं. सकाळी सातला परळला नेऊन दिलं. टीव्हीवर तोवर सुरतच्या हॉटेलचं फाटक दिसत होतं. तिथे गेलेल्या आमदारांत साहेब आहेत हे मला टीव्हीवरून कळलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. गुवाहाटी, गोवा, शपथविधी. आमदार कैलास पाटील सीमेजवळ गाडीतून उतरून अंधारात चालत, मग दुचाकीवर, मग ट्रकमधून परतले, तेही सगळ्यांनी ऐकलंय. त्यात मी काय भर घालणार?

पण एक गोष्ट सांगायची राहते. २२ तारखेला शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभूंचं पत्र आलं, संध्याकाळी ५ वाजता 'वर्षा'वर बैठक, हजर राहा. साहेबांचा ईमेल माझ्याच मोबाइलवर उघडायचा, म्हणजे ते पत्र माझ्या हातात आलं. मी ते साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं. एकच टिक. तिकडे बंडात गेलेल्या आमदारांनी एकनाथ शिंदे हेच गटनेते आणि भरत गोगावले प्रतोद असा ठराव जाहीर केला. म्हणजे एकाच दिवशी दोन प्रतोद, दोन गटनेते, आणि साहेबांचा इनबॉक्स सांभाळणारा मी एक, घाटकोपरच्या गॅलरीत उभा. त्या पत्राचं मी काय करायचं होतं? उघडलं म्हणजे साहेबांना मिळालं असं होतं का? कुणाला विचारायचं तेच कळेना. पुढे २०२३ मध्ये विधानसभा अध्यक्षांसमोर अपात्रतेची सुनावणी झाली तेव्हा तो व्हिप, म्हणजे बैठकीला हजर राहण्याचा तो आदेश, कुणाच्या ईमेलवर गेला, कुणाच्या मोबाइलवरून गेला, नीट पोचला का, यावर दिवसचे दिवस उलटतपासणी चालली. मी पेपरात ते वाचत होतो आणि माझे हात गार पडत होते. जानेवारी २०२४ मध्ये निकाल आला, दोन्हीकडचा कुणीही आमदार अपात्र ठरला नाही.

माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय. नेता बदलणं, नेत्याला आव्हान देणं हा लोकप्रतिनिधीचा हक्क आहे. समोरासमोर द्या, सभागृहात द्या, मतदारांना सांगून द्या. पण जो निर्णय घ्यायला आधी घरच्यांपासून, ड्रायव्हरपासून, पीएपासून लपावं लागतं, त्या निर्णयात काहीतरी असं आहे जे आपल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येत नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, आमदारांची डोकी मोजतात. दोन तृतीयांश म्हणजे ५५ पैकी ३७, हे त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. त्या ३७ च्या मागे किती पीए, किती ड्रायव्हर, किती ऑपरेटर होते याची मोजणी कुठेही नाही. आम्हाला मत नाही, व्हिप नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजूंचे लोक आम्हाला गद्दार नाहीतर हेर समजतात. माझ्या घरावर त्या आठवड्यात रात्री दगड आला. आई एकटी होती. कुणी मारला हे कळलं नाही.

मला काही जण सांगतात, तुला सांगितलं नाही हे बरंच झालं, तुझ्यावर बालंट आलं नाही. असेलही. साहेबांनी मला वाचवलं असंही मी कित्येक रात्री स्वतःला समजावलंय. पण मग ती संध्याकाळ कुणाची होती? ती माझ्या मुलीला बक्षीस म्हणून मिळाली होती, की मी वाटेतून बाजूला व्हावं म्हणून? माझी मुलगी अजून ती मुंबईची सर्वांत छान संध्याकाळ म्हणून सांगते. तिला मी हे कधी बोललो नाही. आता ती मोठी झालीय, वाचेल.

गणपतीनंतर मी काम सोडलं. मला कुणी काढलं नाही. आता तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे, सातबारा आणि दाखले काढून देतो. लोक अजून सकाळी सहाला फोन करतात.

३ जुलैला, अध्यक्षांच्या निवडीच्या दिवशी, मी साहेबांना विधान भवनात भेटलो. तेरा दिवसांनी. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. भोवती गर्दी होती. मी बॅगेतून गोळ्यांचा डबा काढून पुढे केला. त्यांनी तो घेतला, उघडला, सोमवारच्या रात्रीच्या खणातली गोळी तशीच होती ती बघितली, आणि बंद केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरीच्या अकरावीचं काय झालं?"

मी म्हटलं, "फॉर्म भरलाय, साहेब."