कादंबरीतल्या माणसाचा हिशेब मांडलाय का?

नव्या पोरांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. पोरं लिहितायत, आनंदच आहे. पण पहिल्या पानावर भेगाळलेली जमीन, दुसऱ्यावर आभाळाकडे डोळे लावून बसलेला म्हातारा, आणि तिसऱ्यावर मला डुलकी. दुष्काळ खोटा नाही हो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आपण सगळ्यांनी बघितलंय. पण दुष्काळ म्हणजे कथानक नव्हे. टँकर आल्यावर नंबरावरून कोणत्या दोन घरांचं बोलणं तुटलं, ते सांगा. तिथून मी वाचायला लागतो.

परवाच्या एका कादंबरीत बीडकडचं ऊसतोड जोडपं होतं. रात्री कोपीबाहेर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीबाहेर बसून बाईला माहेर आठवतं. दीड पान चांदणं. पोराची भाषा गोड आहे, नाकारत नाही. पण ही बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरलेली. नवरा तोडणार, ही मोळ्या बांधणार, डोक्यावर वाहून गाडी भरणार. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून मीठमिरचीपुरते सुटतील का, हा तिच्या डोक्यातला घोर. आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे? नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे उचल दोघांच्या अंगावर. ती बहुतेकदा गाव सोडायच्या आधीच कुणाच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली.

आता तिला ताप भरू द्या. पडून राहिली तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापले. नवऱ्याचा जीव आहे तिच्यावर. तो 'पड जरा' म्हणेल की 'ऊठ'? की काहीच न बोलता कोयत्याला धार लावत बसेल? हे लिहिताना चांदणं सुचतच नाही.

तोडणीसाठी मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाचंही तेच. मिशा पिळणारा, शिव्या देणारा मुकादम लिहायला काय लागतं! पण त्यानेही कारखान्याकडून पैसे उचललेले असतात. टोळी पळाली तर ती रक्कम त्याच्याच मानगुटीवर. असा घाबरलेला माणूस जास्त क्रूर वागू शकतो, आणि वाचकाला तो जास्त सतावतो.

बोलीचं एक सांगतो. दर वाक्यात 'लई' आणि 'व्हय' पेरलं की मराठवाडा होत नाही. आपल्याकडे माणूस 'जायलोय', 'करायलोय' म्हणतो, आणि पैशाचं बोलायचं असलं की आधी पावसाचं, मग तुमच्या पोराच्या नोकरीचं विचारतो. ते वळण पकडा.

'स्वतः भोगल्याशिवाय लिहू नये' हे मला पटत नाही. भोगलेले कितीतरी लोक पसरट लिहितात. विचारा, बाजेवर बसा, चहा घ्या, पुन्हा विचारा. आणि मिळालेलं सगळं कादंबरीत कोंबू नका. निम्म्याहून जास्त वहीतच राहू द्या. (माझा संपादक हे वाचून हसेल. हसू दे.)

त्या पोराला फोनवर एवढंच म्हटलं, चांदणं राहू दे पाहिजे तर, पण आधी मला सांग, त्या बाईवर किती फिटायचंय? म्हणाला, 'सर, विचारून सांगतो.' बहुतेक गावाकडे गेला असेल.